तंतुस्नायुवेदना : पर्यायी उपचार व सामाजिक आधार यांचा इतिहास

सर्व शरीरभर दीर्घकाळ जाणवणारी वेदना, विश्रांती न देणारी झोप, सततचा थकवा आणि स्मरण व एकाग्रता यांत येणारा मंदपणा ही ज्याची प्रमुख लक्षणे होत, त्या लक्षणसमूहास तंतुस्नायुवेदना किंवा फायब्रोमायॅल्जिया असे म्हणतात. लॅटिन भाषेतील तंतुवाचक शब्द आणि ग्रीक भाषेतील स्नायू व वेदना यांचे वाचक शब्द यांपासून हे नाव बनले आहे. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. अमेरिकेच्या कॅन्झस राज्यातील विचिटा येथे करण्यात आलेल्या व १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण सु. २ टक्के (स्त्रियांत ३·४ टक्के व पुरुषांत ०·५ टक्के) दिसून आले. या विकारामुळे सांधे विद्रूप होत नाहीत आणि स्नायूंचा क्षयही होत नाही. रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या व क्ष-किरण चित्रे यांतही विशेष काही सापडत नाही. रोगी मात्र सर्वांग दुखत असल्याचे सांगत असतो.

या विकाराच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न यातूनच उद्‌भवला आहे. जे दाखविता येत नाही, ते आहे असे मानावयाचे की नाही? वैद्यकाने जेव्हा जेव्हा या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी दिले, तेव्हा तेव्हा रोगी अन्य उपचारपद्धतींकडे आणि समदुःखी रोग्यांकडे वळले. पर्यायी उपचार व रोग्यांचे आधारगट या दोहोंचा इतिहास त्यामुळे वैद्यकाच्या मान्यता-अमान्यतेच्या इतिहासाशी निगडित आहे. प्रस्तुत नोंदीत तो कालानुक्रमाने दिला आहे. एकोणिसाव्या शतकात अशा रोग्यांना विश्रांती व एकांत सांगण्यात येत असे. विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगांच्या कसोटीला जे उतरले ते बेताचा व्यायाम आणि इतरांची सोबत हे होते. हे स्थित्यंतर कसे घडले, हे त्यावरून कळून येते.

मर्दन, स्नान व विश्रांती : सांधे व स्नायू यांच्या दुखण्यांना ‘ऱ्हुमॅटिझम’ ही संज्ञा फ्रेंच वैद्य गीयोम द बायू (१५३८–१६१६) यांनी लावली. त्यांचा या विषयावरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६४२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एडिंबरो येथील वैद्य विल्यम बॅल्फर यांनी दुखऱ्या स्नायूंत हाताला लागणाऱ्या गाठींचे व दाबल्यास दुखणाऱ्या जागांचे वर्णन केले. दाब देणे व हलके ठोके मारणे या उपायांनी गुण येतो, असे त्यांनी १८१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात प्रतिपादिले. हा उपाय मर्दनाचाच एक प्रकार होय. १८४१ मध्ये फ्रेंच वैद्य फ्रांस्वा व्हालेक्स यांनीही अशा वेदनाबिंदूंची नोंद करून तेथून कळ दूरवर पसरते असे लिहिले. वेदनाबिंदू बोटाने दाबून पाहणे, ही पुढे दीडशे वर्षांनी निदानासाठी सर्वमान्य झालेली रीत, अशा प्रकारे मर्दन करणाऱ्यांच्या व बोटांनी चाचपणाऱ्या वैद्यांच्या अनुभवातून आलेली आहे.

त्या काळी सधन रोगी इंग्लंडमधील बाथ व यूरोप खंडातील अन्य उष्णोदकाच्या झऱ्यांवर जाऊन राहत. स्टॉकहोम येथे पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्थापिलेल्या संस्थेतून वैद्यकीय कसरतींची पद्धत यूरोपभर पसरली. हे उपचार करणारे बहुधा वैद्यकाच्या परिघाबाहेरचे असत. तथापि वैद्य आपले रोगी त्यांच्याकडे विनासंकोच पाठवीत. ‘पर्यायी’ आणि ‘प्रमाणित’ असा भेद अद्याप पक्का झालेला नव्हता.

अमेरिकेत १८६९ मध्ये जॉर्ज बीर्ड यांनी ‘न्यूरॅस्थेनिया’ म्हणजे तंत्रिका-दौर्बल्य ही कल्पना मांडली. थकवा, अंगदुखी, निद्रानाश व डोकेदुखी ही त्याची लक्षणे होत. ती तंतुस्नायुवेदनेच्या लक्षणांशी पुष्कळशी जुळतात; मात्र हे दोन विकार एकच होते असे म्हणता येत नाही, कारण बीर्ड यांच्या संज्ञेत मानसिक अवसादासह इतर अनेक तक्रारींचा समावेश होत असे. यावर फिलाडेल्फियाचे वैद्य सायलस वीअर मिचेल यांनी ‘विश्रांती-चिकित्सा’ प्रचारात आणली आणि १८७७ च्या पुस्तकात तिचे सविस्तर वर्णन केले. रुग्णेस, कारण रोगी बहुधा स्त्री असे, कित्येक आठवडे अंथरुणावर निजवून ठेवीत. तिला आप्तांपासून दूर ठेवले जाई, भरपूर दूध व अन्न दिले जाई आणि व्यायामाऐवजी मर्दन व विद्युत्‌ उपचार करीत. वाचन-लेखनासही बंदी असे. अमेरिकन लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन यांनी १८८७ मध्ये प्रसूतीनंतरच्या विषण्णतेवर ही चिकित्सा घेतली होती. त्या अनुभवावर आधारलेली व १८९२ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची कथा या पद्धतीवरील सर्वांत प्रभावी टीका ठरली. सक्तीची निष्क्रियता आणि सक्तीचा एकांत यांनी रोगी अधिकच खचतो, हे एका रुग्णेने वैद्यांच्या आधी सांगितले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

नामकरण व अविश्वास : १९०४ मध्ये लंडनचे तंत्रिकाविज्ञ विल्यम गाउअर्स यांनी कंबरदुखीवरील व्याख्यानात ‘फायब्रोसायटिस’ म्हणजे तंतुशोथ हा शब्द योजला. स्नायूंमधील तंतुमय ऊतकाला शोथ (दाह) होऊन वेदना निर्माण होते, अशी त्यांची कल्पना होती. त्याच वर्षी ग्लासगो येथील राल्फ स्टॉकमन यांनी दुखऱ्या गाठींचे ऊतक सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यात शोथ आढळल्याचे जाहीर केले. या निरीक्षणास पुढील संशोधकांकडून पुष्टी मिळाली नाही. नाव शोथाचे, पण शोथ सापडत नाही, अशी विसंगती निर्माण झाली.

या विसंगतीचा भार रोग्यांवर पडला. दुसऱ्या महायुद्धात असंख्य सैनिक अंगदुखीच्या तक्रारी घेऊन येऊ लागले. अमेरिकेच्या आर्कॅन्सॉ राज्यातील हॉट स्प्रिंग्ज येथे लष्कराचे रुग्णालय होते. तेथील वैद्य एडवर्ड बोलंड यांनी एका सहकाऱ्यासमवेत १९४३ मध्ये अशा दुखण्यास ‘मनोजन्य संधिवात’ असे नाव दिले. वेदना मनामुळे वाढू शकते यात चूक काही नव्हते. परंतु ‘मनोजन्य’ या शब्दाचा व्यवहारातील अर्थ ‘खोटे’ किंवा ‘ओढवून घेतलेले’ असा होऊ लागला. नंतरची सु. तीन दशके अनेक रोगी एका वैद्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिले आणि दरवेळी ‘तुम्हाला काही झालेले नाही’ हेच उत्तर ऐकत राहिले. पर्यायी चिकित्सकांकडे जाण्याचे मोठे कारण येथे आहे. तो चिकित्सक गुण देवो अथवा न देवो, तो तक्रार ऐकून घेई, अंगाला हात लावून तपासी आणि दुखते हे मान्य करी.

१९७० नंतरच्या दशकात टोरॉंटो येथील ह्यू स्माइथ व हार्वी मोल्डॉफ्स्की यांनी या प्रश्नाला नवे वळण दिले. स्माइथ यांनी वेदनाबिंदूंच्या ठराविक जागा निश्चित केल्या. मोल्डॉफ्स्की यांनी मेंदूच्या विद्युत्‌ आलेखांवरून रोग्यांच्या गाढ झोपेत व्यत्यय येत असल्याचे १९७५ मध्ये दाखविले. निरोगी स्वयंसेवकांची गाढ झोप आवाज करून काही रात्री मोडली असता त्यांनाही तात्पुरती अंगदुखी व थकवा जाणवू लागला. नियमित धावण्याची सवय असलेल्या मोजक्या स्वयंसेवकांत मात्र हा परिणाम दिसला नाही. हे छोटेसे निरीक्षण पुढील काळातील व्यायामोपचाराचे बीज ठरले.

१९७६ मध्ये कॅलर हेंच यांनी शोथाचा निर्देश टाळणारे ‘फायब्रोमायॅल्जिया’ हे नाव सुचविले. १९८१ मध्ये अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील मुहम्मद युनुस व त्यांचे सहकारी यांनी ५० रोगी व तितक्याच निरोगी व्यक्ती यांची तुलना करून लक्षणे ठराविक स्वरूपाची असल्याचे दाखवून दिले. १९९० मध्ये फ्रेडरिक वुल्फ यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संस्थेने निकष ठरविले : किमान तीन महिने टिकलेली व्यापक वेदना आणि ठरविलेल्या १८ वेदनाबिंदूंपैकी किमान ११ बिंदू दाबल्यास दुखणे. १९९२ च्या कोपनहेगन जाहीरनाम्याने या निकषांना आंतरराष्ट्रीय मान्यता मिळवून दिली. पुढे २०१० मध्ये बिंदूंची मोजणी ऐच्छिक करून वेदनेची व्याप्ती आणि थकवा, झोप, स्मरण यांविषयीच्या तक्रारी यांवर भर देण्यात आला.

स्वावलंबन-शिक्षण व आधारगट : रोग्यांनी परस्परांना आधार द्यावा ही कल्पना वैद्यकाबाहेरची आहे. अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेली मद्यपींची ‘अल्कोहॉलिक्स ॲनॉनिमस’ ही संघटना आणि १९७० च्या सुमारास बॉस्टन येथे उदयास आलेली स्त्रियांची आरोग्य-चळवळ हे तिचे दोन ठळक पूर्वज होत. आपल्या शरीराविषयी आपणास जे कळते तेही ज्ञानच आहे, ही या चळवळीची भूमिका तंतुस्नायुवेदनेच्या रुग्णांना, ज्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते, जवळची वाटली.

संधिवाताच्या क्षेत्रात स्टॅनफर्ड विद्यापीठातील केट लोरिग यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस स्वावलंबन-शिक्षणाचा एक अभ्यासक्रम तयार केला. आठवड्यातून एकदा सु. दोन तास, असे सहा आठवडे तो चाले. व्यायाम, वेदनेचा सामना, औषधांचा योग्य उपयोग आणि वैद्याशी बोलण्याची रीत हे विषय त्यात असत. शिकविणारे वैद्य नसत. प्रशिक्षण घेतलेले सामान्य नागरिक, पुष्कळदा स्वतः संधिवाताचे रोगी, हे वर्ग चालवीत. परिणामांचा अभ्यास करताना लोरिग यांना एक अनपेक्षित गोष्ट आढळली. रोग्यांना वाटणारा आराम त्यांनी किती व्यायाम केला याच्याशी जितका निगडित असावा असे वाटले होते तितका नव्हता. ‘आपण हे निभावू शकू’ या विश्वासाशी तो अधिक जुळत होता. या विश्वासास स्टॅनफर्डमधीलच मानसशास्त्रज्ञ ॲल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये स्व-सामर्थ्याची जाणीव या अर्थाची संज्ञा दिली होती.

१९८८ पासून अमेरिकेत ‘फायब्रोमायॅल्जिया नेटवर्क’ हे रुग्णांसाठीचे नियतकालिक निघू लागले. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात राष्ट्रीय स्वरूपाची संघटना स्थापन झाली. ब्रिटन व यूरोपातील अन्य देशांतही अशा संघटना निघाल्या. १९९० नंतरच्या दशकात १२ मे हा जाणीव-जागृतीचा दिवस म्हणून पाळला जाऊ लागला. हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस होय. क्रिमियाच्या युद्धानंतर त्या दीर्घकाळ आजारी होत्या. त्यांचा आजार नेमका कोणता होता याविषयी एकमत नाही. तथापि अंथरुणावरून अखंड काम करणारी एक थोर स्त्री म्हणून रुग्णांनी त्यांना आपल्या आदर्शांत स्थान दिले.

वैद्यकातही गटोपचाराचे प्रयोग सुरू झाले. स्वीडनमध्ये कॅरल बर्कहार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये गटाने दिलेले शिक्षण आणि शारीरिक प्रशिक्षण यांची चाचणी घेतली व त्यामुळे रुग्णांची स्व-सामर्थ्याची जाणीव वाढल्याचे दाखविले. तेथेच काइसा मॅनरकॉर्पी व सहकाऱ्यांनी कोमट पाण्याच्या तलावातील व्यायाम आणि शिक्षणवर्ग यांची सांगड घातली. सहा महिन्यांच्या या कार्यक्रमाचा लाभ २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात नोंदविला आहे.

पर्यायी उपचारांची परीक्षा : मर्दन, स्नान, सुया, आसने, ध्यान व वनस्पतिजन्य औषधे असे नाना उपचार रुग्ण करीतच होते. १९८० नंतर त्यांची नियंत्रित प्रयोगांनी परीक्षा होऊ लागली. या परीक्षेत एक मूलभूत अडचण आहे. औषधाच्या गोळीसारखीच दिसणारी निर्गुण गोळी बनविता येते; परंतु योगासनाची किंवा जलस्नानाची हुबेहूब नक्कल करता येत नाही. त्यामुळे गुण कशाने आला, उपचाराने की अपेक्षेने आणि आस्थेने, हे वेगळे काढणे कठीण जाते.

व्यायामाचा पहिला महत्त्वाचा नियंत्रित प्रयोग कॅनडातील ग्लेन मकेन व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ४२ रोग्यांपैकी काहींना २० आठवडे हृदयाची क्षमता वाढविणारा व्यायाम व इतरांना केवळ अंग ताणण्याचे व्यायाम देण्यात आले. पहिल्या गटाचे वेदनाबिंदू अधिक दाब सहन करू लागले. त्यानंतरच्या बहुसंख्य प्रयोगांचा निष्कर्ष असा की, व्यायाम अगदी अल्प प्रमाणात सुरू करून हळूहळू वाढविला तर लाभ होतो. एकदम जोराचा व्यायाम केल्यास वेदना उसळते व रुग्ण तो सोडून देतो.

चीनमध्ये उगम पावलेल्या ताइ-ची या संथ हालचालींच्या व्यायामाचा प्रयोग बॉस्टन येथे चेनचेन वांग यांनी केला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात ६६ रुग्ण होते. आठवड्यातून दोनदा, असा १२ आठवडे ताइ-चीचा सराव करणाऱ्यांना आरोग्यविषयक माहिती व ताणाचे व्यायाम घेणाऱ्यांहून बराच अधिक आराम पडला आणि तो २४ आठवड्यांनंतरही टिकला. २०१८ मध्ये २२६ रुग्णांवरील प्रयोगात ताइ-ची नेहमीच्या दमसासाच्या व्यायामाइतकीच किंवा त्याहून किंचित सरस ठरली. योगाचा प्रयोग अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात झाला. ५३ स्त्रियांवरील या आठ आठवड्यांच्या कार्यक्रमात सौम्य आसने, ध्यान, प्राणायाम व गटचर्चा यांचा समावेश होता. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वेदना व थकवा या दोहोंत सुधारणा आढळली.

सूचिचिकित्सेविषयी (ॲक्युपंक्चर) निष्कर्ष परस्परविरोधी आले. सीॲटल येथील १०० रुग्णांवरील २००५ च्या प्रयोगात खऱ्या व लटक्या सुयांच्या परिणामांत फरक दिसला नाही. मेयो क्लिनिकमधील ५० रुग्णांवरील २००६ च्या प्रयोगात तो दिसला. २०१३ मध्ये झालेल्या एकत्रित समीक्षणाचे तात्पर्य असे की, काहीच न करण्यापेक्षा सुयांनी बरे वाटते, पण लटक्या सुयांपेक्षा खऱ्या सुया श्रेष्ठ आहेत असे ठरविता येत नाही. ध्यानाधिष्ठित ताण-निवारणाच्या बाबतीतही सावधपणा आवश्यक आहे. जर्मनीतील १७७ स्त्रियांवरील २०११ च्या प्रयोगात मुख्य निकषावर गटागटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

१९९० नंतर औषधांचे संशोधनही वेगाने झाले. अमेरिकेत प्रीगॅबॅलिन (२००७), ड्युलॉक्सेटिन (२००८) व मिल्नॅसिप्रॅन (२००९) या औषधांना या विकारासाठी मान्यता मिळाली. यूरोपीय औषध-नियामक संस्थेने ती दिली नाही. औषधांचा लाभ काही रुग्णांपुरता व मर्यादित असतो. यूरोपीय संधिवातविज्ञान संघटनेने २०१६ मध्ये सुधारलेल्या शिफारशींत ठाम शिफारस केवळ व्यायामाची केली. सूचिचिकित्सा, जलोपचार, योग, ताइ-ची, ध्यान आणि विचार-वर्तन चिकित्सा यांची शिफारस सौम्य शब्दांत केली. कण्यावर झटके देऊन करावयाची कायरोप्रॅक्टिक पद्धती, तीव्र अफूजन्य वेदनाशामके व कॉर्टिकोस्टेरॉइडे यांविरुद्ध मात्र स्पष्ट इशारा दिला. अशा प्रकारे ‘पर्यायी’ म्हणून बाजूस ठेवलेले काही उपचार प्रमाणित चिकित्सेत आले, काही परीक्षेत उतरले नाहीत आणि काही अपायकारक ठरले. कसोटीला उतरलेल्यांपैकी बहुतेकांत तीन गोष्टी समान आहेत : सौम्य व क्रमशः वाढणारी हालचाल, शिकण्याची प्रक्रिया आणि इतरांसमवेत नियमाने एकत्र येणे.

महाराष्ट्राशी संबंध : या जागतिक इतिहासात महाराष्ट्रातील काही स्थळांचा संबंध येतो. लोणावळे येथे स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये स्थापिलेल्या कैवल्यधाम या संस्थेने योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी करण्याचा पायंडा पाडला. उरुळी कांचन (जि. पुणे) येथील निसर्गोपचार आश्रम महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९४६ मध्ये सुरू झाला, तेथील जलोपचारांमागे लुई कूने प्रभृती जर्मन निसर्गोपचारकांच्या विचारांचा प्रभाव आहे. इगतपुरी (जि. नाशिक) येथे सत्यनारायण गोएंका यांचे विपश्यना केंद्र १९७६ मध्ये सुरू झाले. अमेरिकेत १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅचूसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयात ज्या ध्यानाधिष्ठित कार्यक्रमाचा आरंभ केला, त्याचे मूळही विपश्यना, झेन व हठयोग यांतच आहे. पाश्चात्त्य प्रयोगांतून जे ‘नवीन’ म्हणून परत येते, त्यातील काही भाग अशा रीतीने येथून गेलेला आहे.

दुखण्याची व्याप्ती मोजण्याच्या दृष्टीने भिगवण (ता. इंदापूर, जि. पुणे) येथील पाहणी उल्लेखनीय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका उपक्रमाखाली पुण्याचे संधिवातविज्ञ अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी १९९६ मध्ये तेथील सु. ४,००० प्रौढांची घरोघर जाऊन पाहणी केली. ठोस संधिविकारांहून मऊ ऊतकांची दुखणी आणि कोणत्याही नावात न बसणाऱ्या वेदना यांचे प्रमाण मोठे असल्याचे तीत दिसून आले. ‘अंग ठणकते’, ‘अंग मोडून येते’ असे म्हणणाऱ्या स्त्रीचे दुखणे आपल्याकडे बहुधा कामाचा शीण किंवा वय यांच्या खाती टाकले जाते. तेलाने अंग रगडणे, गरम पाण्याने शेकणे आणि पुन्हा कामास लागणे हाच तिचा उपचार असतो. प्रत्येक अंगदुखी म्हणजे तंतुस्नायुवेदना नव्हे. पंडुरोग, अवटू ग्रंथीची मंदता, ड जीवनसत्त्वाची उणीव यांमुळेही अंग दुखते व ते तपासून घेणे आवश्यक असते. परंतु तपासणीत काही न आढळल्यास दुखणे खोटे ठरत नाही.

आयुर्वेदात सर्वांगास व्यापणाऱ्या वातविकारांची वर्णने आहेत व स्नेहन-स्वेदनादी उपचार सांगितले आहेत. त्यांपैकी कोणताही एक विकार म्हणजेच तंतुस्नायुवेदना असे समीकरण मांडणे योग्य नाही. औषधांच्या शुद्धतेचा प्रश्नही गंभीर आहे. बॉस्टन परिसरातील दुकानांत विकल्या जाणाऱ्या दक्षिण आशियाई आयुर्वेदीय औषधांच्या ७० नमुन्यांपैकी १४ नमुन्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. सांधेदुखीवर ‘जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांत कॉर्टिकोस्टेरॉइडे मिसळलेली असल्याचेही आढळले आहे. ज्याच्या दुखण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही तो रोगी ‘हमखास गुण’ सांगणाऱ्यावर सहज विश्वास ठेवतो.

आधारगटांविषयीचे मतभेद : आधारगट व रोगाचे नाव यांमुळे लाभ होतो की हानी, यावर वैद्यकात दीर्घकाळ वाद झाला. ‘तुम्हाला अमुक रोग आहे’ असे सांगितल्याने रोगी स्वतःस अधिक दुर्बल समजू लागतो व गटात बसून दुखण्याचीच चर्चा करीत राहतो, असा आक्षेप काही संधिवातविज्ञांनी घेतला. १९९० चे निकष ठरविण्यात पुढाकार घेणारे वुल्फ यांनीही नंतर या निदानाच्या उपयुक्ततेविषयी जाहीरपणे शंका व्यक्त केली. कॅनडातील लंडन या शहरातील एका अभ्यासात नव्याने निदान सांगितलेल्या रुग्णांची तीन वर्षे पाहणी करण्यात आली. नाव मिळाल्यामुळे त्यांची प्रकृती किंवा कार्यक्षमता खालावली नाही, असे २००२ मध्ये दिसून आले. आक्षेपाचा काही भाग मात्र ग्राह्य आहे. गट केवळ गाऱ्हाण्यांपुरता राहिल्यास नवागतास धीर येण्याऐवजी भीती वाटते. औषधनिर्मात्या कंपन्यांच्या देणग्यांमुळे काही रुग्णसंघटनांच्या निःपक्षपातीपणाविषयीही प्रश्न उपस्थित झाले आहेत.

विश्वासाची गरज घर व कामाचे ठिकाण येथेही असते. नॉर्वेतील दोन संशोधिकांनी दीर्घकालीन स्नायुवेदना असलेल्या स्त्रियांच्या मुलाखती घेऊन २००३ मध्ये असे मांडले की, वैद्यासमोर विश्वासार्ह ठरण्यासाठी या स्त्रियांना कष्ट करावे लागतात. नीटनेटके दिसले तर ‘आजारी वाटत नाही’ आणि विस्कटलेले दिसले तर ‘मनाचा विकार आहे’ असे ऐकावे लागते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ क्रिस्टिन बार्कर यांनी २००५ मधील ग्रंथात स्त्रियांच्या वेदनेविषयीच्या जुन्या अविश्वासाशी याचा संबंध जोडला आहे. हा प्रश्न पोटापाण्याचाही आहे. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा प्रशासनाने विकलांगता-भत्त्यासाठी या विकाराचा विचार कसा करावा याचे नियम २०१२ मध्ये प्रसृत केले. भारतातील २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार अधिनियमाच्या सूचीत या विकाराचा स्वतंत्र उल्लेख नाही.

सद्यःस्थिती : २००२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी मेंदूच्या क्रियात्मक प्रतिमांवरून दाखविले की, निरोगी व्यक्तीस ज्या दाबाने फारसे दुखत नाही त्याच दाबाने या रुग्णांच्या मेंदूतील वेदनेशी संबंधित भाग उद्दीपित होतात. २०१७ मध्ये वेदना-अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, ऊतकाला किंवा तंत्रिकेला इजा नसताना वेदनासंवेदनाच बदलल्याने होणाऱ्या दुखण्यासाठी स्वतंत्र संज्ञा स्वीकारली. २०२१ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे उंदरांना टोचली असता उंदरांतही संवेदनक्षमता वाढल्याचे दाखविले. त्याचा उपचाराच्या दृष्टीने अर्थ अद्याप निश्चित व्हावयाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात दीर्घकालीन व्यापक वेदनेचा समावेश स्वतंत्र विकार म्हणून करण्यात आला आहे.

या विकारावर रामबाण उपाय अद्याप उपलब्ध नाही. निदान स्पष्टपणे सांगणे, अन्य रोग नसल्याची खात्री करणे, झेपेल इतक्या हालचालीपासून आरंभ करणे, झोपेची घडी बसविणे आणि कुटुंबीयांना या विकाराची ओळख करून देणे, हीच आजची स्वीकृत चिकित्सा होय. तिच्यापैकी बहुतेक अंगांना प्रयोगशाळेतील पुरावा नंतर मिळाला. त्यांचा अवलंब रुग्णांनी, मर्दन करणाऱ्यांनी, कसरत-शिक्षकांनी व स्वावलंबन-वर्ग चालविणाऱ्या सामान्य माणसांनी आधी केला होता. रुग्णाच्या सांगण्यावर विश्वास ठेवणे हा उपचाराचा पर्याय नव्हे; परंतु या विकारात तरी कोणत्याही उपचाराची सुरुवात तेथूनच करावी लागते.